मोसूल नगराची पुनःप्राप्ति व तेथील ग्रंथसंपत्ति

१. विषयप्रवेश

शत्रूच्या हातीं गेलेलें आपलें नगर परत घेणें आणि शत्रूचें नगर जिंकून घेणें हीं दोन कार्यें वरवर सारखीं दिसतात. परंतु त्यांत मोठा भेद आहे. परकें नगर घेणार्‍या सेनापतीनें तट पाडले, पेठा जाळल्या, कोठारें उडविलीं, तर तें नुकसान दुसर्‍याचें होतें. आपलें नगर परत घेणार्‍याचा प्रत्येक गोळा आपल्याच घरावर पडतो, आणि जय मिळाला म्हणजे त्या ढिगार्‍याचा धनीही तोच असतो.

अशा प्रकारच्या अलीकडील लढायांत इराक देशांतील मोसूल नगराची लढाई अग्रगण्य आहे. ती सन २०१६ च्या १७ ऑक्टोबरपासून सन २०१७ च्या १० जुलैपर्यंत, म्हणजे जवळ जवळ नऊ महिने चालली. तिचें लष्करी वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. तथापि जुने कागद व पोथ्या यांचा संग्रह करणार्‍या वाचकांस त्या वर्णनांतून एक विशेष गोष्ट घेण्यासारखी आहे, व ती मांडणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. ती अशी कीं, नगर परत घेण्याच्या लढाईचा क्रमच असा असतो कीं नगराचा सर्वांत जुना भाग बहुधा सर्वांत शेवटीं हातीं येतो, आणि म्हणूनच तो सर्वांत अधिक उद्ध्वस्त होतो. लढाईस तोंड लागल्यावर तेथील ग्रंथांचें रक्षण करणें कोणाच्याच हातीं राहत नाहीं. जें वांचतें तें लढाईपूर्वीं हलविलेलें, लपविलेलें अथवा नकलून ठेविलेलें तेवढेंच. हें विधान मोसूलच्या वृत्तावरून पडताळून पाहूं.

२. नगराचें स्थान व पूर्ववृत्त

मोसूल हें तिग्रिस नदीच्या दोन्ही तीरांवर वसलें आहे. तिग्रिसला अरब लोक दिज्ला म्हणतात. मूळचें जुनें नगर पश्चिम तीरावर असून पूर्व तीरावरील वस्ती बहुतेक नवी आहे. परंतु त्याच पूर्व तीरावर, नव्या वस्तीच्या पोटांत, अतिप्राचीन निनेवे नगराचे अवशेष आहेत. त्यांतील कुयुंजिक व नबी युनूस हीं दोन टेकाडें विशेष प्रसिद्ध आहेत.

असुर देशाचा राजा असुरबनिपाल यानें इ. स. पू. सातव्या शतकांत जमविलेलें ग्रंथालय कुयुंजिकच्या टेकाडांत सांपडलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेयर्ड यानें व मोसूलचाच रहिवासी होर्मुझ्द रस्साम यानें तेथें उत्खनन केलें. तेथून निघालेले मृत्तिकाफलक व त्यांचे तुकडे मिळून सुमारें ३०,००० नग लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. इ. स. पू. ६१२ मध्यें बाबिलोनी व मीड सैन्यांनीं निनेवे घेऊन जाळलें, तेव्हां राजवाड्यांतील लाकूडकाम गेलें, पण मातीचे फलक भाजून उलट पक्के झाले. आगीनें ग्रंथालय राखल्याचें असें उदाहरण विरळाच. पुढें मोसूलांत चामड्यावर व कागदावर लिहिण्याचा प्रघात पडला, आणि कागदास आगीपासून असा लाभ कधींच होत नाहीं.

मध्ययुगांत नूरुद्दीन झंगी यानें इ. स. ११७२-७३ मध्यें पश्चिम तीरावर मोठी मशीद बांधविली. तिचा सुमारें ४५ मीटर उंचीचा विटांचा मनोरा एका बाजूस कललेला होता, म्हणून लोक त्यास ‘अल्-हदबा’ म्हणजे ‘कुबडा’ म्हणत. इराकच्या दहा हजार दिनारांच्या नोटेवर त्याचें चित्र छापलेलें आहे. नगरांत मुसलमानांप्रमाणेंच सुर्यानी व खाल्दी ख्रिस्ती लोकांची वस्ती फार प्राचीन काळापासून होती. त्यांच्या मठांत व देवळांत सुर्यानी, अरबी इत्यादि भाषांतील हस्तलिखितें पिढ्यान्‌पिढ्या जपलेलीं होतीं.

महाराष्ट्रास हा प्रदेश अगदींच अपरिचित नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १९१८ मध्यें, मोसूलच्या दक्षिणेस शरकात येथें जी लढाई झाली तींत ११४ वी मराठा पलटण लढली होती. तें रणक्षेत्र असुरांच्या जुन्या राजधानीच्या, म्हणजे अश्शूर नगराच्या, अवशेषांलगत आहे.

३. नगर हातचें गेलें

‘इस्लामिक स्टेट’ नांवाच्या सशस्त्र संघटनेनें, जिला अरब लोक ‘दाइश’ म्हणतात, सन २०१४ च्या १० जून रोजीं मोसूल घेतलें. हल्लेखोरांच्या कितीतरी पट असलेलें सरकारी सैन्य शस्त्रास्त्रें व गणवेश टाकून पळालें. २९ जूनला संघटनेनें आपली खिलाफत जाहीर केली, आणि ४ जुलैस तिचा प्रमुख अबू बक्र अल्-बगदादी यानें नूरुद्दीनाच्या मशिदींत प्रवचन केलें. त्याच जून महिन्यांत मोसूलमध्यें बांधकामावर असलेल्या ३९ हिंदी मजुरांस धरण्यांत आलें. त्यांची हत्या झाल्याचें भारत सरकारनें २० मार्च २०१८ रोजीं संसदेंत सांगितलें.

पुढें नगराच्या जुन्या खुणा पाडण्याचा क्रम सुरू झाला. २४ जुलै २०१४ रोजीं नबी युनूसचें, म्हणजे यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान या तिघांसही पूज्य असलेल्या योना प्रवक्त्याचें, स्थान सुरुंगानें उडविण्यांत आलें. फेब्रुवारी २०१५ मध्यें वस्तुसंग्रहालयांतील मूर्ति फोडल्याचें चलच्चित्र त्यांनीं स्वतःच प्रसिद्ध केलें. त्यांतील कांहीं मूर्ति गिलाव्याच्या प्रतिकृति होत्या. पण निनेवेच्या नेर्गल द्वारावरील पंखयुक्त वृषभ अस्सल होता. जवळच्या निमरूद येथील राजवाडाही त्याच वर्षीं उडविला गेला. वाचकांनीं येथें एक ध्यानांत ठेवावें. हें सर्व लढाईपूर्वींचें नुकसान आहे. लढाईचा हिशेब याहून निराळा मांडला पाहिजे, नाहीं तर दोहोंची गल्लत होते.

४. वेढा व पूर्व तीर

नगर परत घेण्यास निघालेल्या सैन्याची एकूण संख्या सुमारें एक लक्ष होती. त्यांत इराकी लष्कर, दहशतवादविरोधी दल, केंद्रीय पोलीस, कुर्दांचे पेशमर्गा व ‘हश्द अश्-शाबी’ नांवाचे स्वयंसैनिक हे सर्व होते, आणि आकाशांतून अमेरिकेच्या नेतृत्वाखालील मित्रसंघाचीं विमानें साह्य करीत होतीं. नगरांतील लढवय्यांची संख्या अमेरिकी अंदाजाप्रमाणें ३,००० ते ५,००० होती. दुसरे कांहीं अंदाज याहून बरेच मोठे आहेत.

संख्येंत एवढें अंतर असतां लढाई नऊ महिने कां चालावी, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्याचें उत्तर नगराच्या स्वरूपांत आहे. आंतील लोकांस तयारीस दोन वर्षांहून अधिक अवधि मिळाला होता. त्यांनीं एका घरांतून दुसर्‍या घरांत जाण्यासाठीं भिंतींस भगदाडें पाडलीं, रस्त्यांखालीं भुयारें खणलीं, माळवदांवर नेमबाज बसविले, आणि स्फोटकांनीं भरलेल्या मोटारींस लोखंडी पत्रे ठोकून त्या बोळाबोळांत तयार ठेविल्या. चालकाविना उडणार्‍या लहान विमानांतून, ज्यांस ड्रोन म्हणतात, ते हातगोळे टाकीत. मोकळ्या रानांत जें सैन्य एका दिवसांत दहा कोस जातें, त्यास अशा वस्तींत एक गल्ली ओलांडण्यास दिवस लागतो, कारण प्रत्येक घर हा एक लहानसा किल्लाच असतो, आणि घेतलेलें घर मागून पुन्हा शत्रूच्या हातीं जाऊं शकतें.

नागरिकांचा प्रश्न याहूनही बिकट होता. नगरांत दहा लक्षांहून अधिक माणसें होतीं. लढाईच्या आरंभीं सरकारनें विमानांतून पत्रकें टाकून लोकांस आपापल्या घरींच राहण्यास सांगितलें. एवढ्या लोकांस एकदम बाहेर काढून ठेवण्यास जागा नव्हती हें त्याचें एक कारण होतें. त्यामुळें शत्रु व नागरिक हे एकाच छपराखालीं राहिले. उलट पक्षीं दाइशच्या लोकांनीं आसपासच्या खेड्यांतील हजारों माणसें ढाल म्हणून नगरांत आणून कोंडलीं, आणि पळूं पाहणारांस गोळ्या घातल्या.

१ नोव्हेंबर २०१६ रोजीं दहशतवादविरोधी दलानें पूर्वेकडील गोगजली येथून प्रवेश केला. डिसेंबरांत कांहीं दिवस हल्ला थांबवून फौजांची फेरमांडणी करण्यांत आली. १४ जानेवारी २०१७ च्या सुमारास विद्यापीठ, १६ जानेवारीस नबी युनूसचा परिसर व २४ जानेवारीस सारा पूर्व तीर मोकळा झाला. तेथील रस्ते रुंद व घरें नवीं असल्यामुळें चिलखती गाड्यांस आंत जातां आलें, व नुकसानही पश्चिम तीराच्या मानानें थोडें झालें.

५. जुनें नगर शेवटीं कां येतें

आतां या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. पश्चिम तीरावर १९ फेब्रुवारी २०१७ रोजीं चढाई सुरू झाली. २३ फेब्रुवारीस विमानतळ व ७ मार्चला वस्तुसंग्रहालय हातीं आलें. त्यानंतर जुन्या नगराच्या वेशीशीं सैन्य अडलें तें जवळ जवळ तीन महिने. अखेरची चढाई १८ जूनला झाली. ह्या विलंबाचीं कारणें चार सांगतां येतात.

पहिलें कारण दिशेचें. वेढा घालणारा बाहेरून आंत येतो व शत्रूस मध्याकडे रेटीत नेतो. बहुतेक प्राचीन नगरांचा मध्य म्हणजे त्यांचा सर्वांत जुना भाग. नव्या वस्त्या त्याभोंवतीं वाढलेल्या असतात. म्हणून शत्रूचें शेवटचें आश्रयस्थान जुन्या पेठेंतच पडतें.

दुसरें कारण बांधणीचें. मोसूलच्या जुन्या भागांतील बोळ इतके अरुंद कीं कित्येकांतून मोटारही जात नाहीं; मग रणगाड्याची गोष्टच नको. जेथें चिलखती गाडी जात नाहीं तेथें एक तर शिपायानें उघड्या छातीनें जावयाचें, नाहीं तर विमानानें अगर तोफेनें घर पाडावयाचें. शिपायांची हानि जों जों वाढते तों तों सेनापतीचा कल दुसर्‍या उपायाकडे जातो.

तिसरें कारण माणसांचें. शत्रु मागें हटतांना नागरिकांस आपल्याबरोबर ओढीत नेत होता. जूनच्या मध्यास संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें जुन्या नगरांत सुमारें एक लक्ष माणसें अडकलेलीं होतीं. तळघरांत बसलेल्या या लोकांस ना अन्न, ना पाणी.

चौथें कारण वाट बंद झाल्याचें. आरंभीं पश्चिमेकडे सीरियाच्या दिशेस वाट मोकळी होती. नोव्हेंबर २०१६ मध्यें हश्दच्या तुकड्यांनीं तल अफरकडील रस्ता तोडला व वेढा पुरा झाला. नदीवरील पांचही पूल हवाई हल्ल्यांनीं व सुरुंगांनीं निकामी झाले होते. ज्यास पळण्यास वाट नाहीं तो मरेपर्यंत लढतो. वाट ठेवावी तर तोच शत्रु उद्यां दुसर्‍या गांवांत उभा राहतो, व न ठेवावी तर नगर जातें. हा पेंच सोडविणारें सूत्र अद्यापि कोणासही सांपडलेलें नाहीं.

या कारणांचा एकत्र परिणाम कसा होतो याचें एक उदाहरण देतों. १७ मार्च २०१७ रोजीं पश्चिम मोसूलच्या अल्-जदीदा भागांत एका घराच्या गच्चीवरील दोन नेमबाजांवर अमेरिकी विमानानें बाँब टाकला. घर कोसळून निदान १०५ नागरिक मेले. अमेरिकी सैन्याच्या चौकशीचा निष्कर्ष असा कीं, घरांत शत्रूनें ठेविलेल्या स्फोटकांनीं पेट घेतल्यामुळें घर पडलें. तेथील रहिवाशांनीं हें म्हणणें मान्य केलें नाहीं. दोन माणसांस मारण्याकरितां टाकलेल्या एका बाँबाचा हा शेवट आहे. अरुंद बोळांतील दाट वस्तींत लक्ष्य व आसपास यांत अंतरच राहत नाहीं.

६. मनोर्‍याचा पाडाव व साक्षीपुरावा

सैन्य मशिदीपासून हाकेच्या अंतरावर आलें असतां २१ जून २०१७ च्या रात्रीं नूरुद्दीनाची मशीद व अल्-हदबा मनोरा सुरुंगांनीं उडविण्यांत आले. साडेआठशें वर्षांच्या जवळ पोंचलेली वास्तु एका क्षणांत गेली. दाइशनें लगोलग जाहीर केलें कीं हें अमेरिकी विमानांचें कृत्य आहे. इराकी सैन्यानें व मित्रसंघानें दाइशवर आरोप केला. आकाशांतून टिपलेल्या चित्रांत स्फोट इमारतीच्या आंतून झालेला दिसतो. पुढें पुनर्बांधणीच्या वेळीं, सन २०२४ मध्यें, मशिदीच्या भिंतींत दडवून ठेविलेले पांच बाँब सांपडले. हे बाँब इमारत हातीं असल्यावांचून कोणास पेरतां येत नाहींत. वादी व प्रतिवादी या दोघांच्याही शब्दांपेक्षां भिंतींत राहिलेली वस्तु अधिक बोलकी असते, हें संशोधकांस नव्यानें सांगणें नलगे.

२९ जूनला मशिदीचे अवशेष हातीं आले, आणि १० जुलैस पंतप्रधान हैदर अल्-अबादी यांनीं विजय जाहीर केला. कांहीं बोळांत त्यानंतरही कांहीं दिवस गोळ्या झडत होत्या.

७. हिशेब

लढाईच्या काळांत नऊ लक्षांहून अधिक माणसें घरदार सोडून गेलीं. नागरिकांच्या मृत्यूंची मोजदाद असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें शवागारांच्या नोंदी व इतर याद्या ताडून केली. ती ९,००० ते ११,००० अशी निघाली. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश मृत्यु मित्रसंघाच्या व इराकी सैन्याच्या मार्‍यानें आणि एक तृतीयांश दाइशच्या हातून झाले; उरलेल्या एक तृतीयांशांचा जबाबदार कोण हें ठरवितां आलें नाहीं. एकट्या जुन्या नगरांत पांच हजारांहून अधिक इमारतींस इजा पोंचली. संयुक्त राष्ट्रांनीं पश्चिम तीरावरील ५४ वस्त्या तपासल्या, त्यांपैकीं १५ अतिशय उद्ध्वस्त, २३ मध्यम व १६ थोड्या बाधित ठरल्या.

अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणांत कौटिल्यानें दुर्ग घेण्याचे उपाय सांगतांना या प्रश्नास स्पर्श केला आहे. त्याचा अभिप्राय असा कीं, पराक्रमानें काम होत असेल तर अग्नीचा आश्रय करूं नये. अग्नि हा विश्वास ठेवण्याजोगा नाहीं, त्यांत माणसें, धान्य, जनावरें व द्रव्य यांचा संहार होतो, आणि असें निःसत्त्व झालेलें राज्य हातीं येऊनही तोट्याचेंच ठरतें. जे पडले, जे शरण आले, ज्यांनीं शस्त्र टाकलें व जे लढतच नाहींत त्यांस अभय द्यावें असेंही त्यानें तेथेंच सांगितलें आहे. मोसूलच्या सेनापतींस हें तत्त्व ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. आरंभीं त्यांनीं शिपाई पुढें घालून गोळाफेक आवरली. परंतु पूर्व तीरावर दहशतवादविरोधी दलाचीं इतकीं माणसें पडलीं कीं पश्चिम तीरावर तोफा व विमानें यांवर भार वाढला. अग्नीचा आश्रय न करण्याचें मूल्य शिपायांच्या प्राणांनीं द्यावें लागतें, व तें किती काळ देतां येईल यास मर्यादा असते.

ज्या ग्रंथाचा हा आधार घेतला, तो स्वतःच कित्येक शतकें लुप्त होता. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या ताडपत्राच्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं तो १९०९ मध्यें छापून काढला. ती पोथी एखाद्या आगींत सांपडली असती तर त्या वेळीं कौटिल्य आपणांस केवळ नांवानें ठाऊक राहिला असता.

८. ग्रंथांचें काय झालें

मोसूलच्या ग्रंथसंपत्तीचे, तिच्या गतीप्रमाणें, तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग हलविलेल्या व नकललेल्या ग्रंथांचा. नजीब मिखाईल या डोमिनिकन पंथाच्या धर्मगुरूंनीं सन १९९० पासून हस्तलिखितांच्या प्रतिमा घेण्याचें काम चालविलें होतें, व त्यास अमेरिकेंतील मिनेसोटा येथील हिल हस्तलिखित ग्रंथालयाचें साह्य होतें. मोसूलांत ख्रिस्ती लोकांवर संकट येऊं लागतांच त्यांनीं सन २००७ मध्यें संग्रह कराकोश या जवळच्या गांवीं नेला, आणि ऑगस्ट २०१४ मध्यें दाइशचें सैन्य कराकोशवर येऊन ठेपलें तेव्हां तो मोटारींत भरून एर्बिल येथें पोंचविला. तेराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील आठशेंहून अधिक हस्तलिखितें अशा रीतीनें वांचलीं. सन २०१९ मध्यें तेच मोसूलचे खाल्दी महाधर्माध्यक्ष झाले.

दुसरा वर्ग लपविलेल्या ग्रंथांचा. मोसूलच्या आग्नेयेस मार बेहनाम नांवाचा प्राचीन मठ आहे. तेथील धर्मगुरूनें शत्रु येण्यापूर्वीं हस्तलिखितें लोखंडी पिंपांत भरून एका कोठडींत ठेविलीं व तिच्यापुढें भिंत बांधून घेतली. मठांतील समाधि मार्च २०१५ मध्यें उडविली गेली, पण भिंतीमागें काय आहे याचा सुगावा कोणास लागला नाहीं. नोव्हेंबर २०१६ मध्यें मठ मोकळा झाल्यावर भिंत फोडली, तों शेंकडों ग्रंथ आंत सुरक्षित होते. आपल्याकडे बळदांत व पेवांत दप्तरें ठेवीत, त्याचें येथें स्मरण होतें.

तिसरा वर्ग जागच्या जागीं राहिलेल्या ग्रंथांचा. मोसूल विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत सुमारें दहा लक्ष पुस्तकें होतीं असें सांगतात. हें ग्रंथालय जुन्या नगरांत नसून त्या मानानें कमी बाधलेल्या पूर्व तीरावर आहे. तरीही जानेवारी २०१७ मध्यें विद्यापीठ हातीं आलें तेव्हां इमारत जळून काळी पडलेली होती. पुढें स्वयंसेवकांनीं राखेंतून सुमारें ३०,००० पुस्तकें वेंचून काढलीं. सन २०२२ मध्यें ग्रंथालय पुन्हा उघडलें. यावरून असें दिसतें कीं, ज्या भागांत घरें उभीं राहतात त्याही भागांत कागद उभा राहीलच असें नाहीं.

या तीन वर्गांखेरीज एक विलक्षण अपवाद नोंदला पाहिजे. नबी युनूसच्या ढिगार्‍याखालीं दाइशच्या लोकांनीं विकण्याजोग्या वस्तूंसाठीं भुयारें खणलीं होतीं. ती जागा मोकळी झाल्यावर इराकी पुरातत्त्वज्ञ आंत गेले, तेव्हां असुरबनिपालाचा पिता एसरहद्दोन याच्या राजवाड्याचीं शिल्पें व त्याच्या नांवाचे कोरीव लेख दृष्टीस पडले. लुटारूंनीं अजाणतां संशोधकांस वाट दाखविली. मात्र त्यांनीं तेथून काय नेलें याची यादी कोणापाशीं नाहीं.

९. लढाईनें मागें ठेविलेले कागद

प्रत्येक राजवट दप्तर ठेवते, मग ती कितीही क्रूर असो. दाइशच्या कचेर्‍यांत जमिनीचे भाडेपट्टे, करांच्या पावत्या, दंडाच्या नोंदी व जप्त केलेल्या मालमत्तेच्या याद्या सांपडल्या. त्यांपैकीं पंधरा हजारांहून अधिक पानें एका अमेरिकी वृत्तपत्राच्या प्रतिनिधीनें देशाबाहेर नेलीं. राज्यकारभार बहुतांशीं पूर्वीच्याच सरकारी कारकुनांकडून चालविला जात होता, हें त्या कागदांवरून स्पष्ट झालें. परंतु हे कागद इराकच्या परवानगीवांचून नेले, यावर विद्वानांनीं कडक आक्षेप घेतला. शेवटीं मूळ कागद इराकच्या वकिलातीस परत करण्यांत आले, आणि त्यांच्या प्रतिमा सन २०२० पासून जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठानें अभ्यासकांस खुल्या केल्या.

ओमर मुहम्मद या मोसूलच्या इतिहासाध्यापकानें ‘मोसूल आय’ या टोपणनांवानें परचक्राखालील नगराच्या नोंदी रोजच्या रोज प्रसिद्ध केल्या, व डिसेंबर २०१७ मध्यें आपलें नांव प्रकट केलें. समकालीन व स्थानिक माणसानें प्राण धोक्यांत घालून लिहिलेल्या या नोंदी पुढील इतिहासकारांस शकावलीप्रमाणें उपयोगी पडतील.

१०. संग्राहकांस यांतून काय घ्यावयाचें

लेयर्डच्या काळीं निमरूदचीं शिल्पें बसर्‍याहून मुंबईमार्गें विलायतेस जात. निमरूदच्या राजवाड्यांतील कांहीं शिलापट मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. निमरूद येथील मूळ जागा उडविली गेल्यानंतर त्यांचें महत्त्व अर्थातच वाढलें आहे. पण यावरून ‘नेलें म्हणून वांचलें’ असें प्रमाणपत्र आजच्या लुटीस देतां येणार नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें १२ फेब्रुवारी २०१५ च्या ठरावानें इराक व सीरिया येथून बेकायदा बाहेर गेलेल्या पुरावस्तूंचा व्यापार निषिद्ध ठरविला आहे. गिल्गमेश काव्याचा एक फलक खोटें पूर्ववृत्त जोडून अमेरिकेंत मोठ्या किंमतीस विकला गेला होता. तो जप्त होऊन सन २०२१ मध्यें इराकला परत द्यावा लागला. ज्या वस्तूचें पूर्ववृत्त विकणार्‍यास सांगतां येत नाहीं ती विकत घेणारा संग्राहक एक वस्तु राखतो, पण ती कोठें, कशाखालीं व कशाशेजारीं सांपडली हें ज्ञान कायमचें गमावतो, व पुढच्या लुटारूस उत्तेजन देतो.

अल्-हदबा मनोरा युनेस्कोच्या देखरेखीखालीं ढिगार्‍यांतील जुन्या विटा वेंचून पुन्हा उभारला गेला, व १ सप्टेंबर २०२५ रोजीं मशिदीसह पुन्हा खुला झाला. मनोर्‍याचीं मापें व छायाचित्रें होतीं, म्हणून तो उभारतां आला. हाच न्याय ग्रंथास लागू आहे. प्रतिमा असेल तर जळालेली पोथीही वाचतां येते. निदान यादी असेल तर काय गेलें हें तरी कळतें. दोन्हीं नसतील तर ती पोथी होती हेंही कोणास ठाऊक राहत नाहीं.

आपल्याकडे खाजगी घरांतून, वाड्यांतून व मठांतून पोथ्या व दप्तरें अद्यापि पडून आहेत, आणि त्यांच्या याद्या फार थोड्या ठिकाणीं झाल्या आहेत. नजीब मिखाईल यांनीं कामास आरंभ केला तेव्हां मोसूलवरील परचक्रास चोवीस वर्षें अवकाश होता. म्हणून ज्यांच्या घरीं दप्तर आहे त्यांनीं या वर्षींच त्याची यादी करावी, प्रत्येक पोथी कोणाकडून, केव्हां व कोठें मिळाली हें तींत लिहावें, पानांच्या प्रतिमा घ्याव्या, आणि त्यांची एक प्रत मूळ पोथीपासून दूर, दुसर्‍या गांवीं ठेवावी.